न पाठवलेली गाठ

नलूबाईच्या डोक्यावरची गाठ डॉक्टर हेमांगीनं काढली खरी, पण तपासायला पाठवायचं राहून गेलं. चिंचणीची कोळीण ती, डोक्यावर माशांची पाटी घासून गाठ आली असेल, असं धरून हेमांगीनं महिन्यानं ठोकून दिलं, "रिपोर्ट चांगला आलाय, मावशी."

वर्षभरात मुंबईच्या डॉक्टरांनी घामाच्या ग्रंथीचा कर्करोग सांगितला. नलूबाई गेली.

काढलेली गाठ ठेवलेली बाटली बोईसरच्या दवाखान्यात, हेमांगीच्या खणातच होती. फेकायचा धीर होत नव्हता. झाकण घट्ट होतं. तरी रोज सकाळी अकराला, नलूबाई बाजार उरकून मलमपट्टीला यायची त्याच वेळी, बाटलीला बाहेरून घाम फुटायचा. हेमांगी गुपचूप पुसायची. एकदा तिनं बोट जिभेला लावलं. खारट.

आज अकराला नलूबाईची लेक सलोनी समोर येऊन बसली.

"बाई, आयेची गाठ तुमी तपासलेली ना? तो कागद पायजे."

"तपासली होती," हेमांगी म्हणाली. "तेव्हा काही नव्हतं त्यात."

खणातून टपटप सुरू झाली.

सलोनीनं कान दिला. "आये दारात पाटी उतरवायची ना, तवा असंच पाणी गळायचं," ती म्हणाली, आणि वळून दाराकडे बघत राहिली.