रविवारचा अर्धा तास

"खेळलास का न्हाई, तेवढं सांग," भुजंगराव म्हणाले.

व्यंकट सासऱ्यांसमोर खाली मान घालून बसला होता. एरवी ते त्याला ‘जावईबापू’ म्हणत, चाकूरहून येताना आठवणीनं खाऊची पिशवी आणत. आज ते चहालाही शिवले नव्हते. अंगणात जीप उभी होती. लेकीला न्यायलाच आले होते ते.

"तिची हालत बघ. पोर गेल्यापासून डोळ्यांत टिपूस न्हाई. काल पुन्हा विहिरीकडं निघाली होती. तुझ्या आईनं धरून आणली. कबूल तरी कर, बाबा. तिला रडू दे एकदा."

व्यंकटला ते सगळं ठाऊक होतं. आतल्या खोलीत गीतांजली भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यातलं ताट तसंच होतं. सात वर्षांची अयोध्या डेंग्यूनं गेली तेव्हापासून ती अशीच बसून होती. लेक तर गेलीच, आता बायकोही डोळ्यांदेखत चालली होती, आणि त्याला काही सुचत नव्हतं.

सगळं खापर व्यंकटच्या माथी फुटलं होतं, आणि ते उगाच नव्हतं. मोबाईलवरच्या कॅसिनोनं त्याला पार येडं केलं होतं. जेवताना चाक फिरव, पाहुण्यांत बसून पत्ते लाव. गीतांजलीच्या पाटल्या त्यातच गेल्या. शेवटी तीच त्याला हाताला धरून नांदेडला समुपदेशनाला घेऊन गेली. तिथल्या बाईंनी सांगितलं, एकदम सुटत नसेल तर आधी बांध घाला. वेळ ठरवा, रक्कम ठरवा, आणि मोबाईल घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्या.

तसंच ठरलं. रविवारी फक्त अर्धा तास. बाकी आठवडाभर मोबाईल गीतांजलीकडे. अर्धापूरच्या केळीच्या वखारीत कामाला जाताना व्यंकट बटणांचा साधा फोन नेऊ लागला.

त्याच्या आईचा, नागाबाईचा, असल्या शिकल्यासवरल्या उपायांवर भरवसा नव्हता. तिनं नातीला पाटावर बसवलं.

"ठेवा हिच्या डोक्यावर हात. दोघंबी ठेवा. म्हणा, या घरात ठरल्यापेक्षा एक डावबी जास्त झाला तर हिचं बरं होणार न्हाई."

ही रीतच वाईट आपल्याकडची. चुका थोरांनी करायच्या आणि तारण ठेवायचं लेकरू. त्या दोन हातांखाली अयोध्या मात्र खुदुखुदु हसत होती. "माझी वेणी इस्कटू नका की," म्हणत होती. दोघांनी शपथ घेतली आणि नागाबाईनं नातीच्या हातावर गूळ ठेवला.

पावसाळा सरता सरता पोरीला ताप भरला. दवाखान्यात पैसे भरायची वेळ आली तर खातं रिकामं. भुजंगरावांनी व्यंकटचा मोबाईल उघडून पाहिला. डावांवर डाव, वाराचा काही धरबंधच नाही. मग सगळ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. पैसे भुजंगरावांनी भरले, उपचारात काही कमी पडलं नाही, तरी पोरगी हाती लागली नाही.

डेंग्यू डासानं होतो, शपथेनं नाही, हे व्यंकटला कळत होतं. पण गीतांजलीला ते कोण पटवणार? ती एकच वाक्य बोलायची, "शपथ मोडली, म्हणून गेली." त्यापलीकडे कुणाशी एक शब्द नाही.

व्यंकट उठला. आत जाऊन तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"गीता, मी खेळलो."

इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा मान वर केली.

"तुम्ही? कशावर?"

"वखारीत. मालकाचा मोबाईल मागून घेत होतो. खातं तर माझंच होतं."

"कधीपासून?" तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "नीट आठवून सांगा. कधीपासून?"

"शपथ घेतली त्याच संध्याकाळी."

"त्याच संध्याकाळी?"

"हाव. दिवस मावळायच्या आत मोडली मी."

"मंग ती तुमच्यामुळं गेली."

"माझ्यामुळंच गेली, गीता. दुसऱ्या कुणामुळं न्हाई."

गीतांजलीच्या घशातून असा हंबरडा निघाला की गल्लीतली दारं उघडली. दोन्ही मुठींनी ती त्याच्या छातीवर मारत राहिली. पोरीचं नाव घेत होती, त्याला शिव्या देत होती, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यानं एकदाही हात आडवा धरला नाही. उंबऱ्यात नागाबाई तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली.

"माझ्या पोटी कशाला आलास रं तू?" एवढंच ती म्हणाली.

रडून रडून थकल्यावर गीतांजलीनं पाणी मागितलं. तांब्याभर पाणी प्याली. भुजंगरावांनी तिला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं.

"चाकूरची वाट इसर आता," ते व्यंकटला म्हणाले. जावईबापू नाही, काही नाही.

जीप कोपऱ्यावर वळली. तिचं रडणं ऐकू येत होतं तोवर व्यंकट दारात उभा राहिला. रडतेय म्हणजे जगेल, एवढंच त्याच्या मनात होतं. छाती दुखत होती, आणि आता या घरात त्याच्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं.

शपथ घेतल्या दिवसापासून व्यंकटनं रविवारचा अर्धा तासही कधी मागितला नव्हता. त्याच्यावर लक्ष ठेवता ठेवता खेळायला लागली होती ती गीतांजली.