चारशे मीटर खालचा तुकडा

कोळसा सापडलेल्या त्या नव्या खडकसमूहाला नाव द्यायचा मान भूवैज्ञानिक बाईंचा होता. फक्त तळाच्या थराचं वर्णन लिहायचं राहिलं होतं. चारशे मीटर खालून काढलेला दगड त्यांनी हातोडीने फोडला. तुकडा चावून बघायची त्यांना सवयच होती. दाताखाली कचकचला तर रेती, नाहीतर चिकणमाती.

ताज्या फोडीच्या आतल्या अंगाला दातांचे ठसे होते.

"काका, हे कुणी चावलंय?"

"आत्ता तर तुम्हीच फोडलात, बाई," ड्रिलवाले काका म्हणाले.

ठशांतला सुळा तिरका होता, थेट बाईंच्या सुळ्यासारखा. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

बाईंनी जिभेने आपले दात चाचपले. सगळे जागेवर होते. सुळ्याशेजारचा तेवढा हलत होता.