भर उन्हातली फियाट

भर दुपारी दौलतरावांनी जुनी फियाट शेडमधून काढून उन्हात लावली आणि काचांवरचे पडदे ओढून फेकले.

शेजारचे गावंडे धावत आले. “काकाजी, असं काय करता? डॅशबोर्ड तडकेल, सीटा फाटतील. आजवर उन्हाची तिरीपही लागू दिली नाही तुम्ही.”

“तेच तर केलं जन्मभर.”

गेल्या महिन्यात दवाखान्यातही त्यांनी तेच केलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडलेली. ते बायकोच्या उशाशी बसले होते, पण नजर सारखी खिडकीतून खाली उभ्या गाडीकडे जात होती. झाडाची सावली सरकली, तशी तीच हसून म्हणाली, “जा, माझी सवत भाजतेय उन्हात. तिला सावलीत लावून या.”

ते उठले. गाडी वळवली, पडदे ओढले, डॅशबोर्डवर टॉवेल अंथरला. वर आले तेव्हा नर्स सलाईन काढत होती.

दौलतराव दार उघडून बायको बसायची त्या सीटवर जाऊन बसले. रेक्झिनचा चटका बसला.

“उठा काकाजी, भाजेल,” गावंडे म्हणाले.

“एकदा उठलो होतो,” दौलतराव म्हणाले, “तेवढं पुरे झालं.”