खालचं फाटक

"फाटक उघडा, नाहीतर मोडते!" हेस्टर ओरडली. तिच्या हातात कुऱ्हाड होती.

मागे सहा गडी तिच्या नवऱ्याची, एनॉकची, शवपेटी खांद्यावर घेऊन उभे होते.

ऑल्डरवेल ही नऊ घरांची वस्ती. तिला ना चर्च, ना दफनभूमी. दोनशे वर्षं इथली मढी वरच्या फाटकातून, कुरणातल्या पायवाटेने टेकडीपलीकडच्या चर्चला जात. मढं आवारात शिरलं की तिथली घंटा वाजे.

पाच वर्षांपूर्वी जमीनदार थोरोल्डने कुरणाला कुंपण घातलं. एनॉकने ते मोडलं, तुरुंगात गेला आणि तिथला खोकला घेऊन परतला. आता एक जरी मढं त्या वाटेने गेलं, तर वाट पुन्हा सगळ्यांची, असं सारा मुलूख मानत होता. थोरोल्डही.

"म्हातारे, रस्त्याने जा," तो घोड्यावरून म्हणाला.

"ओढा दुथडी वाहतोय. बुडवून पुरू त्याला?"

"तुमची वाट वरच्या फाटकातली. इथे कशाला तडमडलीस?"

"तिथे बंदूकवाले बसवलेत ना! इथे तुम्ही एकटे. अडवा बघू!"

तिने फाटकावर घाव घातला. ढलपी उडाली. थोरोल्डने शिट्टी वाजवली. वरच्या फाटकावरचे चारही रखवालदार धावत खाली आले.

"वस्तीतल्या बायका कुठायत? नवऱ्यामागे रडायलाही कुणी नाही तुझ्या?"

"तुमच्यासमोर रडायचं नाही, असं ठरलंय आमचं."

मग तिने तोंड सोडलं. कुरण गेलं, गाई विकाव्या लागल्या, पोरं दुधाला मुकली, तुरुंगात एनॉक रक्त ओकला. एकेक काढून तिने थोरोल्डच्या तोंडावर फेकलं. आवाज फाटला तरी थांबली नाही. ऊन डोक्यावर आलं. गड्यांनी एकदाही खांदा बदलला नाही.

"झालं ओरडून?" थोरोल्ड म्हणाला. "तुझा एनॉक माझ्या गवतावरून जाणार नाही. मेला तरी नाही."

टेकडीपलीकडे घंटा वाजू लागली.

थोरोल्डने मान वळवली. "आता कोण मेलं?"

"एनॉक," हेस्टर म्हणाली. "बायका पोचल्या वाटतं."

तिने खूण केली. गड्यांनी पेटी त्याच्या घोड्यापुढे उतरवली, झाकण काढलं. आत एनॉकने मोडलेल्या कुंपणाचे चार खुंट होते.