तोंडातल्या टाचण्या

दोन्ही हात सरळ डोक्यावर गेले. ना कळ, ना ओढ. लेकीनं आरशात स्वतःकडे पाहिलं, हात तसेच वर ठेवून सावकाश दहा आकडे मोजले आणि मगच खाली घेतले.

"आई, बघितलंस?"

आईनं बघितलं. पण तिच्या ओठांत पाच टाचण्या धरलेल्या होत्या, म्हणून ती नुसतं "हं" म्हणाली.

मायलेकींच्या या शिवणाच्या दुकानात टाचण्या टोचायची छोटी गादी केव्हाच फाटली होती आणि "नवीन करते, नवीन करते" म्हणत आईनं दोन वर्षं काढली होती. त्यामुळे तिच्या तोंडात टाचण्या असणं काही नवलाचं नव्हतं. मात्र गेले सहा आठवडे त्या जरा जास्तच वेळ तिथे असायच्या. गिऱ्हाईक नसलं तरी, टाचायला कापड नसलं तरी. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, हे आईला ठाऊक होतं. लेकीलाही ठाऊक होतं.

सहा आठवड्यांपूर्वी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, लेकीनं छातीचा उभार वाढवण्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. "मला हवंय म्हणून," एवढंच कारण तिनं आईला सांगितलं, आणि तेच खरं होतं. आईनं ऐकून घेतलं आणि त्या विषयावर पुन्हा अवाक्षर काढलं नाही. लेक दवाखान्यातून घरी आली तेव्हा तिच्या बिछान्यावर टेकून झोपायला तीन उशा रचलेल्या होत्या. दुकानात परतली तेव्हा वरच्या फळीवरचे दोऱ्यांचे डबे कमरेइतके खाली आले होते आणि जड इस्त्री आईच्या टेबलावर गेली होती. आभार मानायला जावं, तर समोर टाचण्या.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी व्रण पाहिले, हात वर करायला लावले आणि म्हणाल्या, "मस्त भरून आलंय. आता उचला, ताणा, पोहा, काय वाटेल ते करा." लेक तिथून तरंगतच दुकानात आली होती. तिला सगळ्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण त्याआधी आईनं काहीतरी विचारायला हवं होतं. एकदाच, काहीही. नाहीतर या आनंदाला चव नव्हती.

"ड्रेस झालाय," आई टाचण्यांच्या फटीतून पुटपुटली आणि निळा ड्रेस तिनं पडद्यामागे सरकवला. भाच्याचं लग्न परवावर आलं होतं. माप आईनंच गेल्या आठवड्यात नव्यानं घेतलं होतं. आकडा लिहिताना तिची एक भुवई तेवढी वर गेली होती.

लेकीनं ड्रेस डोक्यावरून घातला. बाजूची चेन कमरेपासून वर निघाली आणि मध्येच अडली. तिनं श्वास आत घेतला. चेन हलेना. सूज तर नाही ना आली? सकाळी तर सगळं ठीक होतं!

तिनं घाईनं आत हात घातला. अस्तराला दोन्ही बाजूंना पॅड शिवलेले होते. जाडजूड, नेहमीचे.

हा टोमणा आहे, असं वाटून ती तणतणत बाहेर आली. "आई, हे काय आहे?"

आईनं अस्तर चाचपलं आणि तिचा चेहराच उतरला. तिनं एकेक टाचणी तोंडातून काढून तळहातावर घेतली.

"हात सवयीनं गेला गं."

सोळाव्या वर्षापासून लेकीच्या प्रत्येक कपड्यात हे पॅड असत. लेकीनं कधी "घाल" म्हटलं नव्हतं, आईनं कधी "घालू का" विचारलं नव्हतं.

"म्हणजे मला काय वाटायचं ते तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"तुझं माप मी घेते. मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

लेकीनं आरशात आडवं वळून पाहिलं. "हे घालून गेले असते ना, तर लग्नात माझ्याआधी ड्रेस पोहोचला असता."

आई फस्सकन हसली. लेकही हसली, अगदी पोट धरून. पहिल्या आठवड्यात साधं हसू आलं तरी जीव कळवळायचा. आज काही म्हणता काही झालं नाही.

आईनं टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या, ड्रेस उतरवून घेतला आणि ब्लेडनं टाके उसवायला लागली. झालं, बोलण्याचं दुकान पुन्हा बंद, असं लेकीच्या मनात आलं. दोन्ही पॅड निघाले. लेकीनं ड्रेस पुन्हा घातला. चेन सर्रकन वर गेली. आईनं तिला एक गिरकी घ्यायला लावली, खांद्यावर हात फिरवला, पाठ पाहिली. कुठे ओढ नव्हती, कुठे झोळ नव्हता.

मग आईनं उसवलेल्यातला एक पॅड उचलला, बोटांनी दाबून पाहिला आणि मशीनशेजारी ठेवला. ओठांतली पहिली टाचणी काढून त्यात टोचली. मग दुसरी. मग उरलेल्या तीन.

"फार दुखलं का गं?"

"पहिले चार दिवस," लेक म्हणाली आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसली.