पेनीला सोडून कसं येऊ?

“पेनीला सोडून कसं येऊ?” डेल्बर्टने फोनवर तिसऱ्यांदा विचारलं. “दारावर पाटीच आहे, लोरीन. कुत्र्याला खोलीत एकटं सोडायचं नाही. नियम म्हणजे नियम.”

“आणि डॉक्टर चार वाजता गाठीचं सांगणार आहेत,” पलीकडून त्याची बायको म्हणाली. “ते मी एकटीनेच ऐकायचं?”

“बघतो,” म्हणून त्याने फोन ठेवला आणि पेनीच्या कानामागे खाजवत बसला.

ह्यूस्टनमधलं हे मोटेल लोरीननेच शोधलं होतं. हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर, कुत्र्यांना मुभा. मंगळवारी त्याने तिला हॉस्पिटलच्या दारात उतरवलं, बॅग फुटपाथवर ठेवली आणि गाडीत पेनी आहे म्हणून इंजिनही बंद न करता परत फिरला. नंतर तिच्या तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा काढून झाला. डेल्बर्ट आपला एकशेबारा नंबरच्या खोलीतच. हॉस्पिटलात कुत्र्याला बंदी. गाडीत ठेवावं, तर जुलैच्या उन्हात अर्ध्या तासात मरायचं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि डेल्बर्टला त्याचा मोठा आधार वाटत होता.

पडदे ओढलेले होते. एसी घरघरत होता. पेनी बारा वर्षांची, जाडजूड, दिवसाचे वीस तास झोपणारी. तोच तिला तासातासाला उठवून पार्किंगमागच्या हिरवळीवर नेई आणि परत आणी. त्याला खोलीत बसवत नव्हतं आणि खोली सोडवतही नव्हती.

सव्वातीनला दार वाजलं. काउंटरवरची मारिसोल उभी होती.

“आजोबा, आजींचा फोन आला होता मला. आणा तो पट्टा इकडे. बसेल ती माझ्यापाशी.”

“अनोळखी माणसाजवळ नाही राहत ती. भुंकून मोटेल डोक्यावर घेईल.”

“घेऊ दे.”

“चारला तिची गोळी असते. चीजमध्ये लपवून द्यावी लागते.”

“माझ्या घरी तीन कुत्री आणि एक सासू आहे. गोळ्या कशा द्यायच्या ते मला नका शिकवू.”

डेल्बर्टने आणखी एखादं कारण शोधलं. मिळालं नाही. पेनीने मारिसोलचा हात हुंगला आणि मागे वळूनही न बघता तिच्याबरोबर चालू लागली. काउंटरमागे जाऊन तिने मारिसोलच्या पायाशी अंग टाकलं आणि डोळे मिटून घेतले. बेइमान कुठली, असं डेल्बर्टच्या मनात आलं.

गाडीची किल्ली मुठीत धरून तो काउंटरसमोर उभा राहिला. दार चार पावलांवर होतं, पण पाय उचलेना. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“निघालास?” लोरीनने विचारलं.

“अगं, पेनी...” त्याने सुरुवात केली, आणि काउंटरमागे झोपलेल्या पेनीकडे पाहिलं. “लोरीन, मला भीती वाटतेय गं.”

“माहितेय मला. सेहेचाळीस वर्षं बघतेय तुला. मलाही वाटतेय. ये. दोघं मिळून घाबरू.”