आठ दिवसांचं पाणी

“खड्डा बुजवायला सांगितलं होतं ना तुला? मग बुजवला का नाही?”

हवालदाराचा प्रश्न वॉचमन यादवला होता. मान मात्र मृण्मयीनं खाली घातली.

सिन्नर रस्त्यावरच्या त्या साइटचं काम दोन वर्षांपासून बंद होतं. पायासाठी खणलेल्या खड्ड्यात पावसाचं पुरुषभर पाणी साचलं होतं. भटक्या चतुरांना, त्या हेलिकॉप्टरसारख्या किड्यांना, असलंच पाणी लागतं, चार महिन्यांत आटून जाणारं. समुद्र ओलांडणारे हे किडे अंडी घालायला डबकं शोधतात. मृण्मयीची पीएचडी त्यांच्यावरच होती. दीड महिना ती रोज सकाळी येऊन पाण्यातली त्यांची पिल्लं मोजत होती. यादवची बायको फुलाबाई तिच्याशेजारी उकिडवी बसून बघत राहायची. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची ती बाई. साइटवर तिला बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

मागच्या आठवड्यात बिल्डरचा निरोप आला, खड्डा बुजवा. मृण्मयीनं यादवपुढे हात जोडले होते. “काका, फक्त आठ दिवस. पंख फुटले की जातील उडून.” यादव हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. खड्डा मात्र तसाच राहिला.

आज उजाडता उजाडता फुलाबाई त्यात पडून बुडाली. मृण्मयी पोचली तोवर तिचं प्रेत गाडीत घालून नेलं होतं. काठावरच्या चिखलात पाय घसरल्याची लांब रेघ तेवढी उरली होती.

“जेसीबी मिळाला नाय, सायेब,” यादव म्हणाला.

हवालदारानं तेवढंच लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि तो निघून गेला.

मृण्मयीला आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच शिसारी आली. गवताच्या काड्यांवर रात्रीतून बाहेर पडलेले चतुर ओले पंख वाळवत बसले होते. तिनं तिकडे बघायचं टाळलं. ती यादवसमोर जाऊन उभी राहिली.

“काका, खोटं का सांगितलंत? माझ्यामुळे थांबलात तुम्ही. मी जाऊन सांगते त्यांना.”

यादवनं मान हलवली. “तुमच्यामुळं नाय थांबलो, ताई. दुसऱ्याच दिशी जेसीबी आणला व्हता. हीच त्याच्याम्होरं आडवी झाली. म्हनली, पंख फुटताना बघायचंय मला.”

यादव बोलतच राहिला, तिच्याशी की स्वतःशी, कळेना.

“परवापास्नं निघाय लागले. उजाडलं की मला हाका मारायची, बघाय या म्हनून. आज बी मारल्या. लय मारल्या. मला वाटलं, चतुरच दाखवतीय. मी कूस बदलून झोपलो.”